मंजुरीचं वाक्य

राकेशने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"हे मी बोलणार नाही."

स्टुडिओच्या काचेपलीकडे मैत्रीने कपाळाला हात लावला. "डॅड, एकच लाइन आहे! 'या जाहिरातीला माझी मंजुरी आहे.' तुझ्या आवाजात ती नसेल तर चॅनेल ॲड घेणारच नाही. कायदा आहे. मंगळवारी पक्षाची प्रायमरी निवडणूक, आणि एडिसनमध्ये आपण मागे आहोत."

जाहिरातीत त्याचं सगळं आयुष्य तीस सेकंदांत बसवलं होतं. सांता क्लारातली पहिली नोकरी, औषधांच्या बाटल्यांची झाकणं बनवणारा न्यू जर्सीतला कारखाना, अमेरिकी काँग्रेसमधल्या तीन टर्म. शेवटी प्रताप. एडिसनच्या मराठी मंडळात त्याचा शब्द कुणी मोडत नसे. पडद्यावर तो हसत सांगत होता, "सांता क्लाराला वर्षभर आम्ही एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो. राकेश माझा भाऊच."

शूटिंग आटोपून प्रताप राकेशच्या मागेच कॉफी पीत बसला होता.

"काय यार, किती भाव खातोस! काँग्रेसमन झालास म्हणून?"

"किती दिवस राहिलो रे आपण एकत्र?"

"ते कोण मोजतंय? तीस वर्षं झाली."

"एकोणीस दिवस. मग माझ्या वडिलांचं पत्र तू चुकून उघडलंस. वर 'जय भीम' लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी कामावरून आलो, तर माझी बॅग दाराबाहेर."

प्रतापने कप खाली ठेवला. "काहीतरी घोळ होतोय तुझा. मला तर असलं काही आठवत नाही."

मैत्री दारात येऊन उभी होती. तिने हे कधी ऐकलं नव्हतं.

"काका, इज दॅट ट्रू?"

प्रतापने पुन्हा कप उचलला. तिने वडिलांकडे पाहिलं. "पण डॅड, काका आपल्या बाजूने नसले तर सीट जाईल."

"जाऊ दे. झाकणं बनवता येतात मला अजून."

राकेशने हेडफोन चढवले. "प्रतापचं बोलणं काढू नकोस. त्याच्यामागे माझं जोड."

मैत्री क्षणभर घुटमळली. मग काचेपलीकडे जाऊन तिने बटण दाबलं.

"आम्ही एकोणीस दिवस एकत्र राहिलो," राकेश माइकमध्ये म्हणाला. आवाज सभागृहात लागायचा तसाच, खणखणीत. "माझी जात कळली आणि माझी बॅग दाराबाहेर गेली. मी मात्र अजून इथेच आहे. या जाहिरातीला माझी मंजुरी आहे."

प्रताप उठून दारापर्यंत गेला होता. कोटाचं बटण लावायला त्याला बराच वेळ लागला.

"तुझ्या बॅगा दोन होत्या," तो म्हणाला.