सरमिसळ तांदूळ

शनिवारी दुपारी आमच्या घरी उपकारस्तुती ठेवायची, हे सासूबाईंनी चर्चच्या पाळकांना परस्पर सांगून टाकलं. मला कळलं ते मंगळवारी, तेही झऱ्यावर पाणी भरताना, शेजारणीकडून.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "किती दिवस दार लोटून बसणार?"

मी कळशी भरून घेतली आणि घरी आले.

आमच्या मंडळीत दुःख संपल्याची एक खूण असते. घरी उपासना होते, पाळक वचन वाचतात, आणि मग त्या घरातली आई उभी राहून सगळ्यांसमोर मोठ्याने प्रभूचे आभार मानते. नवरा मेला असेल तर बायको मानते, म्हातारा गेला असेल तर थोरली सून. लेकरू गेलं असेल तर त्याची आई. दुसऱ्या कोणी मानून चालत नाही. मी लहानपणापासून पाहिलंय. बायका रडत रडत बोलतात, पण बोलतात. "तू दिलंस, तू नेलंस, तुझं नाव धन्य असो." मग मक्याच्या कण्या घातलेलं डुकराचं कालवण, लाल चहा, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या बाईला लोक पुन्हा हसून हाक मारतात.

मला ते येणार नव्हतं. लाज नव्हती, रागही नव्हता. राग असता तर निदान सांगायला काही असतं. आत हात घातला तर काही लागतच नव्हतं.

आमचा वानचेउ नाताळच्या आठवड्यात गेला. चार महिन्यांचा होता. तीन दिवस ताप, त्यात खालच्या गावच्या दवाखान्याचा रस्ता दरड पडून बंद. मांगकुंग, माझा नवरा, त्याला पाठीला बांधून डोंगरातून चालत निघाला आणि अर्ध्या वाटेवरून परत आला. मी विचारलं नाही. त्याच्या चालण्यावरूनच कळलं होतं.

आता मार्च संपत आला होता. पेरणीआधी डोंगरावरचं रान जाळायचे दिवस. मांगकुंग रोज पहाटे शेत जाळायला जायचा आणि धुराने लाल झालेले डोळे घेऊन परत यायचा. थोरली दिमपार तीन वर्षांची. तिला जेवू घालायचं, तिची वेणी घालायची, संध्याकाळी तिच्यासोबत डोळे मिटायचे. प्रार्थना तीच म्हणायची, मी फक्त आमेन म्हणायचे. एकदा आमेन म्हणायलाही विसरले, तर तिने माझ्या गालावर बोट टोचलं. "आई, झालं. उघड आता."

मंगळवारी रात्रीच्या भाताला आधण ठेवताना मी सासूबाईंना म्हटलं, "आई, शनिवारी मी काय बोलू?"

सासूबाई चुलीशी बसल्या होत्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलंय, उजेड-अंधार तेवढा कळतो. "जे सगळ्या बोलतात ते."

"मला येत नाही ते."

"पाठ कर."

"पाठ आहे. पण ते खोटं होईल ना."

त्यांनी लाकूड आत सरकवलं. "देवासमोर खोटं बोलू नकोस. पण लोकांसमोर मुकी पण उभी राहू नकोस. आपल्या घराला नावं ठेवतील, 'बघा, देवावर रुसलेत' म्हणून. माझी तीन लेकरं गेली पोरी, तिन्ही वेळा मी उभी राहिले."

तीन वेळा उभं राहिलेल्या बाईला पुढे काय विचारायचं? मी तांदूळ धुतले.

शुक्रवारी मुठीचे तांदूळ गोळा करायला बायका आल्या.

आमच्याकडे प्रत्येक घरात चुलीजवळ एक मडकं असतं. भात लावण्याआधी मापून काढलेल्या तांदळातून एक मूठ परत काढायची आणि त्या मडक्यात टाकायची. सकाळी एक, संध्याकाळी एक. मूठ टाकताना कोणाचं तरी नाव घ्यायचं, आजाऱ्याचं, प्रवासाला गेलेल्याचं, भांडण झालेल्या जावेचं सुद्धा. शुक्रवारी महिला मंडळाच्या दोघी टोपल्या पाठीला लावून घरोघर फिरतात. त्या तांदळावर देवळाचं, म्हणजे चर्चचं, काम चालतं, आणि कोणाच्या घरी माणूस गेलं की एक पोतं त्या घरी जातं. वानचेउ गेला तेव्हा आमच्याकडेही आलं. त्या पोत्याचा नियम असा, की त्यातून मूठ काढायची नाही. घरी उपकारस्तुती होईपर्यंत देव त्या घराकडे काही मागत नाही, आणि गोळा करणाऱ्या बायकाही त्या दारावर थांबत नाहीत.

म्हणून त्या तीन महिन्यांनी आल्या होत्या. पी दोत आणि झालेई. पी म्हणजे आजी; पी दोत गावची सुईण. माझी दोन्ही लेकरं तिच्याच हातावर आली. झालेई माझ्याहून धाकटी, दिवस गेलेली, तोंड मात्र दोघींचं मिळून एकटीला.

"उद्या उपासना, म्हणजे आजपासून तुमचं मडकं चालू," झालेई दारातूनच म्हणाली. "आज रिकामं असेल, माहितीय. पण पी म्हणाल्या चल, तोंड तरी दाखवून येऊ. काय गं, चहा आहे का?"

"चहा प्यायला आलीस की मूठ न्यायला?" सासूबाई म्हणाल्या.

"आजी, माझ्या पोटातल्याला चहाच लागतो."

बोलता बोलता तिने सवयीने मडक्याचं झाकण उचललं. आणि तशीच उभी राहिली.

"पी. हे बघा."

मडकं काठोकाठ भरलेलं होतं. पी दोत वाकली. तिने चिमूटभर तांदूळ तळहातावर घेतले, उजेडात धरले. लाल, पांढरे, जाडे, बाजारचे बारीक, तुटकी कणी, सगळे एकत्र. एका घरात असा तांदूळ नसतो. असा तांदूळ फक्त देवळाच्या पोत्यात असतो.

"अगं बाई!" झालेई ओरडली. "हा तर आमचाच तांदूळ! हा लाल माझ्या घरचा, मी ओळखत नाही होय? शंभर घरांच्या मुठी गोळा करून तुला दिल्या, आणि तू त्यातून मूठ काढून परत देतेस?"

"जावयाने आणलेली कोंबडी जावयालाच वाढून 'घ्या, खास तुमच्यासाठी' म्हणावं, तशातली गत झाली," पी दोत म्हणाली, आणि दोघी हसायला लागल्या. सासूबाईही हसल्या. मलाही कळलं की हे हसण्यासारखं आहे. मी चहाचं पाणी ठेवलं.

मग दिमपार म्हणाली, "अजून आहे. बाळाच्या टबात पण आहे."

तिने कोपऱ्यातलं फडकं ओढलं. प्लास्टिकचा निळा टब. अर्ध्याहून जास्त भरलेला. वर पोरकिडे फिरत होते.

कोणी हसलं नाही.

मडकं भरल्यावर मी हातासरशी जे भांडं मिळालं ते घेतलं असणार. कधी घेतलं, आठवत नाही. खरंच आठवत नाही. रोज दोन वेळा मी तिथे वाकत होते, मूठ उघडत होते, फडकं झाकत होते. तो बाळाचा टब आहे हे मला दिसत होतं आणि दिसतही नव्हतं.

"मी नाही केलं हे," मी म्हणाले. "म्हणजे मीच केलं. हात करत होता. मी कोणाचं नावसुद्धा घेतलं नाही, पी. एकाही मुठीत नाही. रिकाम्या मुठी आहेत या सगळ्या. तुम्ही कोणाला दिल्यात तर त्यात काहीच नसेल."

झालेई खाली बसली. तिने पोटावर हात ठेवला आणि मग, माझ्याकडे बघून, काढून घेतला.

"मला माहीत होतं," सासूबाई म्हणाल्या.

"काय माहीत होतं?"

"मडक्यात तांदूळ पडतो त्याचा आवाज वेगळा. प्लास्टिकवर वेगळा. डोळे गेलेत, कान नाही गेले."

"मग मला थांबवलं का नाहीत, आई? नियम आहे ना?"

"दिवसभरात तू आपणहून तेवढंच करत होतीस," त्या म्हणाल्या. "तेही थांबवू?"

पी दोत टबाजवळ मांडी घालून बसली. "सूप दे इकडे," ती झालेईला म्हणाली. तिने ओंजळीने तांदूळ सुपात घेतला आणि पाखडायला लागली. दिमपार तिच्या गुडघ्याला टेकली आणि पोरकिडे वेचायला लागली. एकेकाला नाव देत होती, हा मामा, ही मावशी, हा पाळक. पाळक पळून गेला तेव्हा ती खुदकन हसली.

"पी," मी म्हणाले, "उद्या मी काय करू? मला आभार येत नाहीत."

"मला काय विचारतेस? मी सुईण आहे. पाळकांना विचार."

"पाळक म्हणतील विश्वास ठेव."

"म्हणतीलच. त्यांचं काम आहे ते." तिने सूप हलवलं. "वानचेउ बाहेर आला तेव्हा रडला नव्हता लगेच. आठवतं? मी पाय धरून उलटा केला, पाठीवर मारलं, तरी नाही. तू ओरडत होतीस, रडव त्याला, रडव. मी काही रडवलं नाही. हातात धरून बसले नुसती. मग रडला आपला आपण."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. आठवलं म्हणून सांगितलं." मग टबाच्या काठावर हात ठेवून तिने विचारलं, "हा रिकामा करू का? की राहू दे?"

पाणी उकळत होतं.

"करा," मी म्हणाले.

त्यांनी सगळा तांदूळ टोपलीत भरला, पोरकिड्यांसकट सुटलेला थोडा कोंबड्यांना टाकला, चहा प्यायल्या आणि गेल्या. जाताना झालेई दारात थांबली आणि म्हणाली, "कालवणाला हाडं मी आणते उद्या. तुझ्या नवऱ्याला हाडं निवडता येत नाहीत."

शनिवारी वीसेक माणसं आली. बाकडी देवळातून आणली होती. मांगकुंगने अंगावरचा धूर जावा म्हणून दोनदा आंघोळ केली होती, तरी त्याला जळक्या गवताचा वास येत होता. पाळकांनी वचन वाचलं. दोन गीतं झाली. मग ते पुस्तक मिटून म्हणाले, "आता आपली बहीण प्रभूचे आभार मानेल."

मी उभी राहिले.

सगळ्यांनी डोकी खाली घातली. समोर बसलेल्या चर्चच्या एका वडीलधाऱ्यांच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. बाहेर कोणीतरी लाकूड फोडत होतं, त्याला उपासना चालू आहे हे कोणी सांगितलं नव्हतं. मी तोंड उघडलं. "प्रभू," मी म्हणाले. पुढे काही आलं नाही. तू दिलंस, तू नेलंस, ओळी पाठ होत्या, जिभेपर्यंत आल्याही होत्या, पण त्या दुसऱ्या कोणाच्या घरच्या वाटत होत्या. एक मिनिट गेलं असेल. दोन गेली असतील. कोणीतरी खाकरलं. माझ्या डाव्या बाजूला सासूबाईंची पाठ ताठ झाली होती. मी त्यांना लाज आणत होते. मला ते कळत होतं, आणि तरी तोंडातून काही येत नव्हतं.

मग सासूबाई बोलायला लागल्या.

बसल्या जागेवरून, मोठ्याने, न विचारता. "हे प्रभू, हे बापा, माझ्या घराकडे बघ." रीत मोडली त्यांनी. पाळकांनी मान वर केली. पण आमच्या मंडळीची दुसरी एक रीत आहे. एकाने मोठ्याने प्रार्थना धरली की सगळ्यांनी आपापली धरायची, एकाच वेळी, ज्याला जे म्हणायचं ते. पी दोतने धरली. झालेईने धरली. मांगकुंगने धरली, त्याचा आवाज मी तीन महिन्यांत इतका मोठा ऐकला नव्हता. बघता बघता खोली आवाजाने भरून गेली, पावसात पत्रा वाजतो तशी. त्यात कोण काय बोलतंय ते कोणालाच ऐकू येत नाही. शेजारच्यालाही नाही.

त्या गोंगाटात मी बोलले.

मी म्हणाले, मी आभार मानत नाहीये. मी म्हणाले, त्याला ताप होता तेव्हा मी तुला हाक मारली होती, रस्त्यालाही मारली होती, दोघंही आला नाहीत. त्याचे केस मानेवर कुरळे होते, ते तुला माहीत असेलच, तरी सांगते. कानामागे दुधाचा वास यायचा. दिमपार रोज तुझं नाव घेते, ती घेते तोवर मी तिच्याजवळ डोळे मिटून बसेन. मूठ काढत राहीन, त्यात काही असलं नसलं तरी. याहून जास्त माझ्याकडे नाही.

अशा प्रार्थनेचा आवाज सगळ्यांचा मिळून ओसरतो. सवयीने कळतं कधी थांबायचं. मला त्या दिवशी कळलं नाही. सगळे थांबले होते आणि मी बोलत होते.

"मी इथेच आहे," मी म्हणत होते. "मला काही वाटत नाही, पण मी इथेच आहे."

एवढं सगळ्यांनी ऐकलं.

आधी सासूबाई म्हणाल्या, "आमेन." मग सगळे म्हणाले. पाळकांनी आशीर्वाद दिला आणि उपासना संपली असं सांगितलं.

मला हलकं वाटलं नाही. रडूही आलं नाही. लोक बाकडी भिंतीला लावत होते, झालेई हाडांवरून मांगकुंगशी वाद घालत होती. भोकाच्या मोज्याचे ते वडीलधारे वाटी पुढे करून म्हणाले, "दिमपारच्या आई, प्रार्थना लहान केलीत. बरं झालं, कालवण गरम आहे."

मी त्यांना वाढलं. मग पुढच्याला.