शेळी काय म्हणते : पहिली आवृत्ती

वाशी या तालुक्याच्या गावी, बसस्टँडसमोर योगीराजचं मोबाइलला काच बसवायचं दुकान होतं. नव्या फोनवर काच बसवताना आत एखादा बुडबुडा राहिला, तर त्याला जेवण जात नसे. गिऱ्हाईक म्हणायचं, "राहू द्या हो, दिसत न्हाय." योगीराज म्हणायचा, "मला दिसतंय की." आणि काच उचकटून दुसरी बसवायचा. अशानं दुकान चालत नाही, पण नाव होतं. नाव झालं की दुकान नाही चाललं तरी लोक येऊन बसतात.

असल्या माणसाला पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या जमवायचं वेड लागणं तसं ठरलेलंच होतं. एका रिकाम्या दुपारी त्यानं फोनवर एक व्हिडिओ बघितला. पांढरे हातमोजे घातलेला एक माणूस एक पुस्तक असं उचलत होता, जसं काही आत्ताच जन्माला आलंय. पुस्तक पहिल्या छपाईचं असावं, आणि त्याला जितके कमी हात लागलेले तितकं ते मोलाचं, असं तो सांगत होता. योगीराजला हे ताबडतोब पटलं. न वाचलेली पुस्तकं हाच निकष असेल, तर आपली पात्रता जिल्ह्यात कुणापेक्षा कमी नाही, असंही त्याच्या लक्षात आलं.

रात्री जेवताना त्यानं आईला सांगितलं.

"पहिली आवृत्ती म्हंजे?" आईनं विचारलं.

"छापायची पहिली खेप."

"पहिल्या खेपेला चुका असत्यात. दुसरी घ्यावी, सुधारल्याली."

"चुका असल्यालीच लई भारी असती, आई."

आईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "व्हय, तू बी थोरलाच की," म्हणाली आणि भाकरी वाढली.

हातमोजेवाल्यानं असंही सांगितलं होतं, की सुरुवात करताना दुनियेच्या मागं लागू नका, तुमच्या जिवाभावाच्या पुस्तकापासून सुरू करा. योगीराजनं आठवून पाहिलं. जिवाभावाची व्यक्ती निवडणं त्याला जड गेलं असतं, पुस्तकाचं सोपं होतं, कारण त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच वाचलं होतं. 'शेळी काय म्हणते'. लेखक वीरभद्र कोरे, निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, मुक्काम माकणी. घरी आजोबांच्या शेळ्या होत्या तेव्हा ते पुस्तक घरात आलं. शेळीच्या ओरडण्याचे प्रकार, त्यांचे अर्थ, आणि त्यावर माणसानं काय उत्तर द्यावं, असं सगळं त्यात होतं. योगीराज लहानपणी गोठ्यात बसून शेळ्यांना ती उत्तरं वाचून दाखवायचा. शेळ्या ऐकायच्या. घरातलं दुसरं कुणी ऐकत नव्हतं.

ते पुस्तक त्यानं माळ्यावरून काढलं, पुसलं, फोटो काढला आणि 'पहिली आवृत्ती प्रेमी' या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाठवला. ग्रुप सोलापूरच्या महेश्वरी मॅडम चालवायच्या. नियम एकच होता : ज्याच्याकडे चांगल्या अवस्थेतली निदान एक पहिली आवृत्ती आहे तो सभासद, बाकीचे पाहुणे. पाहुण्यांनी बघायचं, बोलायचं नाही.

मॅडमचं उत्तर लगेच आलं. "आतल्या पानावर काय छापलंय ते वाचा."

योगीराजनं वाचलं. 'सुधारित दुसरी आवृत्ती.'

इतकी वर्षं आपण ज्याला पुस्तक समजत होतो ते सुधारलेलं निघालं, याचं त्याला मनापासून वाईट वाटलं. आता पहिलीच पाहिजे, आणि काचेसारखी पाहिजे. त्याशिवाय आपण आयुष्यभर पाहुणे. त्यानं दुकानाचं शटर खाली ओढलं आणि दोन एसट्या बदलून माकणी गाठलं.

कोरे सर आता नव्हते. घरी त्यांच्या पत्नी सारजाबाई होत्या. कपाळावर विभूती, हातात शेंगांचं सूप. योगीराजनं येण्याचं कारण सांगितलं. त्यांनी शेंगा फोडणं थांबवलं नाही.

"पहिली कशाला पायजे तुला? दुसरी सुधारल्याली हाय की."

"सगळे हेच म्हणतेत, आजी. सुधारलं म्हंजे काय केलं सरांनी?"

"एक धडा काढला. 'हट्टी शेळी आणि सासरवाडी'." एक शेंग फुटली. "सासरवाडी म्हंजे आमचं माहेर."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पहिली आवृत्ती आली तेव्हा त्यांच्या भावांनी तो धडा वाचला. शेळीचं नाव होतं, पण वर्णन थोरल्या भावाचं होतं, खाली बसायच्या पद्धतीसकट. भाऊ बोलले नाहीत, भांडले नाहीत. बाजारात, जत्रेत, जिथं जिथं पुस्तक दिसलं तिथून सगळं विकत घेतलं आणि घरी नेऊन शेळ्यांना घातलं. कोरे सर पुढं म्हणायचे, पुस्तक ज्यांच्यासाठी लिहिलं होतं, अखेर त्यांच्याच पोटात गेलं, सगळ्याच लेखकांचं एवढं नशीब नसतं.

"एकच राहिलं," सारजाबाई म्हणाल्या. "तवा ते शिवकांतानं वाचायला नेलं होतं. समोरची. म्हणून वाचलं."

योगीराजनं मनात मोजलं. अख्ख्या दुनियेत एकच. त्यानं आवाज शक्य तितका साधा ठेवला. "बघायला मिळंल?"

सारजाबाईंनी कोनाड्यातून पुस्तक आणलं. ते सुतळीनं बांधलं होतं, कारण बांधलं नसतं तर ते उघडं पडलं असतं. मूळचं ते पातळ असावं. आता ते विटेएवढं झालं होतं. पानापानांतून काही ना काही बाहेर डोकावत होतं : मोरपीस, लाल कापडाची चिंधी, वाळकी मिरची, लग्नपत्रिकेचा कोपरा, एसटीचं तिकीट. एका पानाला गूळ चिकटला होता. लोकांनी या पुस्तकाचं फडताळ केलंय, असं योगीराजला वाटलं. बुडबुडा नव्हे, हा अख्खा तलाव होता.

"हे मला विकत द्याल, आजी?"

"विकत न्हाय." सारजाबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "पोरं लातूरला असत्यात. त्येंला शेळीतलं कळत न्हाय, माणसातलं बी न्हाय. माझ्यामागं हे कुणी तरी सांभाळाया पायजे. आता वाचायला ने. परत आण. परत आणायची रीत तुला जमली, तर तुझंच समज."

"रीत म्हंजे?"

"जमली तर जमली. सांगून काय उपेग?"

योगीराजला वाटलं, ही परीक्षा आपल्यासाठीच काढलीय. वस्तू हातात घ्यावी आणि होती त्याहून चांगली करून परत द्यावी, हाच तर त्याचा धंदा. वाशीतला कुठलाही फोन त्याच्याकडून परत जाताना नव्यापेक्षा नवा दिसायचा.

त्यानं दुकान बंद ठेवलं आणि काम धरलं. ज्या मऊ ब्रशनं तो फोनच्या कडेची धूळ काढायचा, त्यानं पान अन् पान झाडलं. मोरपीस काढलं. मिरची काढली, बिया टिपल्या. एका पानात कागदाच्या पुडीत बारीक केस होते, कुणाच्या तरी जावळाचे. तेही काढले. हिरव्या बांगडीचा टाचणीएवढा तुकडा निघाला. गूळ त्यानं पातीनं इतका हळू खरवडला, की छपाईतला एक काना हलला नाही. शेवटी मंद इस्त्री. हातमोजेवाल्यानं सांगितलं होतं की पुस्तकासोबत आलेलं काहीही फेकू नये, म्हणून बाहेर निघालेला सगळा ऐवज त्यानं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत भरला. मग पुस्तक मिटलं. ते पुरतं मिटलं. सपाट, पातळ, गप्प. आई मागं उभी राहून बघत होती.

"किती बारीक झालं रं," ती म्हणाली. "आजारी माणसासारखं."

"असंच होतं ते आधी."

"आधी तर सगळीच बारीक असत्यात."

माकणीला पोचल्यावर त्यानं पुस्तक दोन्ही हातांनी सारजाबाईंपुढं धरलं. हातमोजे घालूनच आला होता. सारजाबाईंनी पुस्तक तळहातावर घेतलं, आणि तळहात थोडा वर गेला, जड समजून उचललेली घागर रिकामी निघावी तसा.

"हलकं कसं लागतंय?"

"साफ केलं, आजी. आतला कचरा काढला सगळा."

"कचरा?"

"लोकांनी काय काय कोंबून ठेवलं होतं. गूळ, मिरची, केस बी होते."

सारजाबाईंनी पान उलटलं. मग दुसरं. पानं खुळखुळ वाजत होती.

"तुझी आय शेजारणीचं भांडं परत देती, ते रिकामं देती का रं?"

"न्हाय. काही तरी घालूनच देती. साखर, शेंगा, निदान चार दाणे तरी."

"का?"

"रिकामं द्यायचं नसतं म्हणून."

"मंग हे काय केलंस तू?"

योगीराजला प्रश्न समजला. "पण हे पुस्तक हाय, आजी. भांडं न्हाय."

"मंग पुस्तकाचा मान भांड्यापेक्षा कमी व्हय?"

गावात ज्या ज्या बाईनं तो सासरवाडीचा धडा वाचायला नेला, तिनं पुस्तक परत देताना आत काही ना काही घातलं होतं. कुणाची लेक नांदायला गेली, कुणाचं जावळ झालं, कुणी तुळजापूरला जाऊन आलं. पुढचीनं नेलं की तिला धड्याच्या जोडीला ते मिळायचं. ती त्यात आपलं घालायची. ही सगळी रीत इतकी उघड होती की कुणी कुणाला कधी सांगितली नव्हती.

योगीराजनं घाईघाईनं खिसा चाचपला. खिशात एक नवी कोरी काच निघाली, पाकिटातली. ती त्यानं पुस्तकात घातली.

"आता?" सारजाबाई म्हणाल्या. "सगळ्यांचं उपटून आपलं एकट्याचं लावतूस व्हय?" त्यांनी काच काढून त्याच्या हातात दिली. मग पुस्तकही दिलं. "हे घे. हे आमचं न्हाय."

"तुमचंच हाय हो, आजी! हे बघा, सरांचं नाव. पहिली आवृत्ती."

"आसंल. नाव मालकाचं आसंल. आमचं जाड होतं."

तेवढ्यात समोरची शिवकांता आली. अंगणातूनच ओरडली, "सारजाकाकू, पुस्तक आलं का माघारी? सुनंला दिवस गेल्यात, मला त्यात घालायचंय."

सारजाबाईंनी योगीराजच्या हातातली प्लॅस्टिकची पिशवी घेतली आणि शिवकांतापुढं धरली. शिवकांतानं आत हात घालून मोरपीस शोधलं. "हे माझं. थोरल्याच्या बारशाचं." तिनं ते परत आत टाकलं, पदराची गाठ सोडली, एक सुपारी काढली आणि पिशवीत घातली. "कागदं कुठायत पण?"

"ह्यानं नेली."

"नेऊ दे. धडा मला पाठ हाय." ती योगीराजकडे वळली. "'हट्टी शेळी उठवू नये, आपण बसावं.' आमच्या जावबाईला तर सपनात बी येतंय ते."

सारजाबाईंनी पिशवीला गाठ मारली आणि ती कोनाड्यात ठेवली, पुस्तकाच्या जागेवर. जागा बरोबर भरली.

"आजी," योगीराज म्हणाला, "परत सगळं जिथल्या तिथं लावतो की. तुम्ही सांगत जावा, कुठलं कुठल्या पानात होतं."

"ज्यानं लावलं त्यालाच ठावं. त्यातली निम्मी वर गेली." त्यांनी सूप पुढं ओढलं. "चहा घेतूस का? शिवकांता, ह्याला चहा दे. काय बी म्हण, लांबून आलंय लेकरू."

चहा घेऊन तो निघाला. पुस्तक त्याचं झालं होतं. दुनियेत एकच, पहिल्या छपाईचं, काचेसारखं, आणि तेही फुकट. परतीच्या गाडीची वाट बघत थांब्यावर उभं असताना त्यानं फोटो काढून पाठवले. गाडी येईपर्यंत महेश्वरी मॅडमचा फोनच आला.

"हे मिळालं कुठून तुम्हाला?"

"माकणीला. लेखकाच्या घरी."

"म्हणजे त्यांच्या पत्नीकडून घेतलंत?"

"त्या म्हणतेत, त्यांचं न्हाय."

"मग कुणाचं?"

"त्यांचंच होतं. पण आता न्हाय म्हणतेत."

"म्हणजे दिलं त्यांनी तुम्हाला?"

"दिलं म्हणता येणार न्हाय. घेतलं न्हाय त्यांनी."

मॅडमनी तो प्रश्न बाजूला ठेवला आणि त्या मुख्य प्रश्नाकडे आल्या.

"अवस्था सांगा. पानांवर कुणाची सही, शाई, दुमडल्याच्या खुणा?"

योगीराजनं पुस्तक उघडलं. गुळाच्या जागी कागद जरा पांढरा पडला होता, तो त्याच्याशिवाय कुणाला दिसला नसता.

"न्हाय."

"आत काही ठेवलेलं? चिठ्ठी, फूल, काही?"

"काहीच न्हाय," योगीराज म्हणाला.

"वा!" मॅडम म्हणाल्या. "अभिनंदन. तुम्ही सभासद झालात. आता ग्रुपवर बोलू शकता."

गाडी आली. योगीराज खिडकीशी बसला, आणि वाशी येईपर्यंत काय बोलावं ते त्याला सुचलं नाही.