माझा हिरवा दिवा खोटं बोलला

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. विटेएवढा, लोखंडी, एका कोपऱ्यावर रंग उडालेला. माईक आणि लॅपटॉप यांच्या मध्ये मी बसतो. माईकमधला आवाज लॅपटॉपला कळेल असा करून पुढे पाठवायचा, एवढंच माझं काम. माझ्या तोंडावर एक हिरवा दिवा आहे. तो दिसला की माणसं निर्धास्त होतात. त्या दिव्यामुळे माझ्या हातून जे घडलं, ते आज तुम्हाला सांगून टाकायचं आहे.

कारखान्यातून निघालो तो थेट मनिलाच्या एका गवयाकडे गेलो. त्याने माझी वायर इतक्या वेळा हिसडली की तिची खाच ढिली झाली. मग जवळच्या बुलाकान प्रांतातल्या रोवेनाने मला घरी आणलं. ती जाहिरातींना आवाज देते. तिचा स्टुडिओ म्हणजे झोपायच्या खोलीतलं कपड्यांचं कपाट. कपडे काढून आत गोधड्या टांगलेल्या, माईक आत आणि लॅपटॉप बाहेर टेबलावर. "माझा डबा कधी दगा देत नाही," असं ती येईल त्याला सांगायची आणि मी फुगून जायचो. खाच ढिली आहे हे मला ठाऊक होतं, पण स्तुती कोणाला नको असते?

रोवेनाची आत्या म्हणजे तिया पुरिंग; आत्याला तिकडे तिया म्हणतात. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात गावच्या चॅपलमध्ये पबासा होतो, म्हणजे येशूच्या यातनांची कथा सुरात गातात. चाळीस वर्षं तिथला पहिला सूर तियांचा. त्या चालीत त्यांच्यासारखं गाणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. गेल्या वर्षी त्यांच्या गळ्याला गाठ आली. शस्त्रक्रियेनंतर आवाज राहीलच असं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून आदल्या दिवशी सकाळी त्यांचं गाणं मुद्रित करून ठेवायला रोवेनाने त्यांना कपाटात स्टुलावर बसवलं आणि कानांवर हेडफोन चढवले.

तिया शेजारच्या कोंबड्याला दोन शिव्या घालतात तोच दचकल्या. "अगं, माझ्या मागून कोण बोलतंय? वेडावतंय मला!"

"तुमचाच आवाज आहे तिया. लॅपटॉपमधून फिरून येतो, म्हणून उशिरा येतो." रोवेनाने माझी एक कळ दाबली. आता आवाज लॅपटॉपचा वळसा न घेता माझ्यातूनच सरळ त्यांच्या कानात जाऊ लागला. मग आवाज कमी-जास्त करायचं बटण त्यांच्या हाताशी यावं म्हणून तिने मला कपाटात ओढलं.

तेव्हाच वायर ताणली गेली. क्षणभर मी विझलो आणि पुन्हा पेटलो. तेवढ्यात मुद्रण करणाऱ्या सॉफ्टवेअरने मला सोडून लॅपटॉपचाच बारका माईक धरला, तोही चकार शब्द न काढता. पडद्यावर आवाजाच्या पट्ट्या नाचत होत्या, माझा दिवा हिरवा होता. रोवेनाला काय कळणार?

तरी ती म्हणाली, "तिया, दोन कडवी म्हणा. मग थांबू आणि ऐकून बघू."

"थांबू? पबासा सुरू झाला की संपेपर्यंत तुटत नाही, पोरी. घोटभर पाणी प्यायचं तरी दुसऱ्याने कडवं उचलायचं असतं. तुझे आईबाप काय शिकवून गेले तुला?"

पाच तास तिया गायल्या. आल्याचा कढत सालाबात पिताना त्या हात वर करत, आणि बाहेरून रोवेना घाईघाईने पुढचं कडवं उचले. तिचा सूर हमखास घसरायचा. तिया मात्र डोळे मिटून गात होत्या. "काय गोड ऐकू येतंय गं!" असं त्या दोनदा म्हणाल्या. मीच त्यांना ते ऐकवत होतो. पुढे काहीच पोचत नाही हे मला कळत होतं, आणि तरी माझा दिवा हिरवाच राहिला.

दुपारी तिया स्वयंपाकघरात पानसितच्या शेवया खायला बसल्या. रोवेनाने ऐकायला लावलं. पंख्याची घरघर, कोंबडा, आणि तिचा स्वतःचा घसरलेला सूर. तिया कुठेतरी गोधड्यांमागे, शेजारच्या घरात असल्यासारख्या. तिने हेडफोन बदलले, माझी बटणं फिरवली, वायर काढून पुन्हा घातली. शेवटी तिने सेटिंग उघडलं. तिथे माझं नावच नव्हतं.

"आलं ना नीट?" स्वयंपाकघरातून तियांचा बसलेला आवाज आला.

"आलं, तिया."

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. तिया वाचल्या, पण आवाज गेला. उरली ती फक्त घोगरी कुजबुज. पवित्र आठवड्यात त्यांनी ते गाणं ऐकायला मागितलं, तेव्हा रोवेना रडत म्हणाली, "मी खोटं बोलले. तुमचा आवाज आलाच नाही. त्यात मीच आहे सगळी."

तियांनी तरीही पाचही तास ऐकलं. मग माझ्या डोक्यावर थोपटून त्या कुजबुजल्या, "या बिचाऱ्याचा काय दोष? याने मला किती छान ऐकवलं." मित्रांनो, त्यांनी मला आपटलं असतं तर बरं झालं असतं. मग त्या रोवेनाकडे वळल्या. "तिसऱ्या ओळीला घसरतेस तू. बस इथे."

वर्षभर त्यांनी तिला शिकवलं, कुजबुजून आणि बोटं वर-खाली करून. ती सगळी चाल तिला आली नाही. काही वळणं त्या पाच तासांबरोबर गेली. तियांखेरीज ती नीट ऐकली आहेत फक्त मी, आणि मला ती सांगता येत नाहीत.

मित्रांनो, आमची खाच ढिली झाली तर वेळीच दुरुस्त करा. आमच्या दिव्यावर भिस्त ठेवू नका. आपलं माणूस गात असेल तर थोडं मुद्रित करा आणि ते तिथल्या तिथे ऐकून पाहा.

काल रोवेना पबासा मुद्रित करायला कपाटात बसली. आधी तिने माझी वायर चाचपली, हेडफोन चढवले आणि गायला लागली. दोन कडवी झाली आणि दारातल्या तियांनी हात वर केला. सालाबातचा पेला त्यांच्या हातात नव्हता.

"थांब," त्या कुजबुजल्या. "आधी ऐकून घे."