लाल-पांढरे बदाम

आम्रपालीला कुणाचं वाईट चिंतायची सवय नव्हती. वल्लरीसाठी तिनं ती मुद्दाम लावून घेतली, आणि वर्षभरात त्यात तिचा हात चांगलाच बसला.

कारण काय, तर कागदाचे बदाम, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचे. हिंजवडीतल्या त्यांच्या कंपनीचं मोठं गिऱ्हाईक डेन्मार्कचं. गेल्या डिसेंबरात ऑफिसात नाताळचं झाड सजवायचं ठरलं, तेव्हा सगळे चमचमत्या माळा ऑनलाइन मागवायला निघाले होते. आम्रपाली म्हणाली, तिकडे लोक घरीच करतात, साधंसुधं. एका डॅनिश आजींचा व्हिडिओ थांबवत थांबवत, चाळीस कागद वाया घालवून ती बदाम विणायला शिकली. एक लाल कागद, एक पांढरा, दोन्हींच्या पट्ट्या एकमेकींत गुंफलेल्या. असे दीडशे केले. वाघोलीच्या घराच्या गच्चीवर तिच्या आईनं, ललिताताईंनी, कबुतरं हाकलत संत्र्याच्या चकत्या वाळवल्या. "फळं खायची सोडून टांगतात होय गं तुझे साहेब लोक?" असं म्हणत का होईना, वाळवल्या. गव्हाच्या काड्यांच्या चांदण्या झाल्या. मग दोन तास कंपनीच्या बसमध्ये मांडीवर खोकं धरून ती हे सगळं घेऊन गेली.

आणि व्हिडिओ कॉलवर तिकडच्या कर्स्टनबाई हरखून "हे कुणी केलं?" म्हणाल्या, तेव्हा कॅमेऱ्यासमोर बसलेली वल्लरी गोड हसून म्हणाली, "मी. मला आवड आहे ना!" आम्रपाली मागे खुर्चीवर चढून शेवटची चांदणी बांधत होती. ती खाली उतरेपर्यंत विषय बदलला होता. मार्चमध्ये वल्लरी टीम लीड झाली. बदामांमुळे झाली असं दुसरं कुणी म्हणणार नाही. आम्रपाली रोज म्हणत होती.

या वर्षी कर्स्टनबाई स्वतः पुण्यात येणार होत्या. टीममधल्या एकाला दोन वर्षांसाठी डेन्मार्कला न्यायचं होतं आणि निवड बाईच करणार होत्या. मॅनेजर माधव सरांच्या यादीत वर दोन नावं होती, आम्रपाली आणि वल्लरी. बाईंनी आधीच कळवलं होतं, की वल्लरीबरोबर बसून सगळ्यांनी बदाम करूया, आमच्या घरी करतो तसे.

आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वल्लरी कात्री आणि कागद घेऊन आली. "आम्रपाली, पाच मिनिटं दे ना यार. ते हार्टचं एकदा दाखव. टोटली विसरलेय मी."

विसरायला आधी शिकावं लागतं, हे आम्रपालीच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून तिनं कागद दुमडला आणि पट्ट्या कापून दिल्या.

आता यात एक मेख आहे. कागद दुमडलेला असल्यामुळे प्रत्येक पट्टी दुहेरी असते. एका पट्टीच्या पोटातून दुसरी काढायची, मग तिलाच पुढच्या पट्टीवरून घालायची. असा विणलेला बदाम उघडतो, त्याची छोटी पिशवी होते आणि तिच्यात खाऊ ठेवतात. पण आपण सगळे शाळेत कार्यानुभवाच्या तासाला कागदाची चटई विणून आलेलो. एक वर, एक खाली. बोटं आपसूक तिकडेच वळतात. आम्रपालीच्या चाळीस कागदांपैकी तीस असेच गेले होते. चटईसारखा विणलेला बदामही समोरून हुबेहूब तसाच दिसतो, फक्त उघडत नाही.

वल्लरीची बोटंही तिकडेच वळली. एक वर, एक खाली. तिनं मान वर करून विचारलं, "असंच ना?"

एक शब्द पुरला असता. आम्रपालीला तो शब्द ठाऊक होता, आणि गेलं वर्षही आठवत होतं.

"हो," ती म्हणाली. "छान जमतंय तुला."

दुसऱ्या दिवशी मीटिंग रूममध्ये कर्स्टनबाई टेबलाच्या टोकाला माधव सरांशी बोलत बसल्या. वल्लरीनं झोकात सगळ्यांना शिकवलं. बारा माणसांनी बारा बदाम केले. बाईंनी कौतुकानं वल्लरीचा उचलला, ताटलीतला चिक्कीचा तुकडा घेतला आणि अंगठ्यानं बदाम उघडायला गेल्या. तो उघडेना. जरा जोर लावला तर टरकन फाटला. त्यांनी दुसरा घेतला, तिसरा घेतला. सगळ्या चटया.

"हे असे नसतात," बाई गोंधळून म्हणाल्या. "गेल्या वर्षी तुम्हीच केले होते ना?"

वल्लरीचा चेहरा पडला. आम्रपालीच्या जिवाला इतकं गार वाटलं की तिला त्याची लाजही वाटली नाही.

पण वल्लरी काही कच्ची नव्हती. "मला आम्रपालीनं शिकवलंय," ती ताडकन म्हणाली. "तिलाच विचारा."

वर्षभर आम्रपालीला आपलं नाव या खोलीत ऐकायचं होतं. ते आज ऐकू आलं, तेही असं. सगळे तिच्याकडे बघायला लागले. गप्प राहिली असती तर ती अडाणी ठरली असती आणि बोलली असती तर खोटी. तिनं कात्री ओढली. बघता बघता बदाम विणला, उघडला आणि त्यात चिक्की ठेवून बाईंपुढे सरकवला.

"म्हणजे तुला येत होतं!" वल्लरी ओरडली.

"गेल्या वर्षीही येत होतं. दीडशे केले होते मी."

बाईंनी तो बदाम बराच वेळ हातात फिरवला. "मग हिला चुकीचं का शिकवलंत?"

"मुद्दाम," आम्रपाली म्हणाली.

संध्याकाळी माधव सरांनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. डेन्मार्कला यादीतला तिसरा, शौनक, जाणार होता. "तिथे दोन वर्षं एकमेकांच्या भरवशावर काम करायचंय," एवढंच सर म्हणाले. वल्लरी तिथेच रडायला लागली. आम्रपाली बसच्या वेळेला निघाली.

घरी ललिताताई दारातच उभ्या होत्या. "काय गं, झालं का तुझं?"

"माझं नाही झालं," आम्रपाली चप्पल काढत म्हणाली. "वल्लरीचंपण नाही."

हे दुसरं सांगताना आपण हसतोय, हे तिला आईच्या चेहऱ्याकडे बघून कळलं.