चार अंश

शाळेतून फोन आला तेव्हा फ्रिजवाले काका एका गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात फरशीवर आडवे पडले होते आणि कॉम्प्रेसर कुठे कुरकुरतोय ते ऐकत होते. पलीकडून शाळेचा कारकून म्हणाला, "काका, बाई गेल्या."

"कुठे गेल्या?" काकांनी विचारलं.

यात काकांची काही चूक नव्हती. बाई, म्हणजे त्यांची बायको, त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि कायम कुठेतरी गेलेल्याच असायच्या. कधी मुलांना घेऊन समुद्रावर, कधी विद्यापीठात. जाताना कारकुनाकडे निरोप ठेवायच्या, येताना दूध आणा म्हणून. काका म्हणाले, "दूध आणतो म्हणावं. पण अंधाराच्या आत घरी ये, असंही सांग."

कारकून म्हणाला, "तसं नाही हो काका. वर्गात खडू हातात घेतला आणि एकदम खालीच बसल्या. डॉक्टर येऊन गेले."

काकांनी फोन ठेवला. कॉम्प्रेसरचा राहिलेला स्क्रू आवळला, कारण अर्धवट काम टाकून आलेलं बाईंना खपत नसे. मग ते गेले.

बत्तीस वर्षांच्या संसारात काका एकही वाद जिंकले नव्हते. बटाटे किती वेळ उकडायचे इथपासून चंद्र उद्या किती वाजता उगवणार इथपर्यंत बाईंचंच बरोबर निघायचं. काका म्हणायचे, "एक दिवस सापडशील." बाई म्हणायच्या, "शोधत राहा. तेवढाच वेळ जातो तुमचा."

बाई गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात चार मुलं दारात उभी राहिली. तीन मुली आणि एक मुलगा, सगळी दहावीतली. पुढे होती ती कप्तान. मुलाचं नाव उतावळा. ही नावं बाईंनीच ठेवलेली.

"काका, कार्डं हवी होती," कप्तान म्हणाली.

विद्यापीठाचा समुद्रविज्ञान विभाग दरवर्षी शाळांची प्रश्नमंजूषा घ्यायचा. बाई सहा वर्षं संघ नेत होत्या आणि सहाही वर्षं पहिल्याच फेरीत हरून येत होत्या. "मरायच्या आधी एकदा दुसरी फेरी बघायची आहे," असं त्या म्हणायच्या. सरावासाठी त्यांनी बुटांच्या खोक्यात चारशे अकरा कार्डं साठवली होती. पुढे प्रश्न, मागे उत्तर, सगळं स्वतःच्या हातानं लिहिलेलं.

"घेऊन जा," काका म्हणाले.

"पण वाचणार कोण? आणि सोबत कुणीतरी मोठं लागतं. खेळाचे सर म्हणाले, मला पोहताही येत नाही, मी कुठे समुद्राच्या भानगडीत पडू."

"मला तरी कुठे येतं?"

"पण तुम्ही घरातले आहात," उतावळा म्हणाला. एवढं खरं होतं.

मग रोज संध्याकाळी चौघं काकांच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसू लागली. काका कार्ड वाचायचे, अडखळायचे. "प्लव... प्लवक. हे खातात की यात अंघोळ करतात?" समुद्रात तरंगणारे बारीक जीव ते, असं सांगता सांगता मुलं हसून लोटपोट व्हायची. फ्रिजचं दार उघडलं की आतला दिवा लावतं ते बटण असतं ना, तशी चार जुनी बटणं काकांनी फळीवर बसवली आणि त्यांना घंटी जोडली. ते बटण मुळात उलट्या स्वभावाचं. दाबलं की गप्प, सोडलं की बोलतं. त्यामुळे मुलं बटणावर बोट दाबून बसायची आणि उत्तर आलं की बोट उचलायची.

एके दिवशी कार्ड निघालं: समुद्राचं पाणी किती तापमानाला सर्वांत जड होतं? काकांनी कार्डाच्या मागे पाहिलं. चार अंश. अख्ख्या खोक्यात काकांना आपलं वाटलेलं हे पहिलंच उत्तर. फ्रिजचा काटा ते पंचवीस वर्षं चारवरच लावत आले होते.

"हे मलासुद्धा येतं!" ते म्हणाले. कप्ताननं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. काकांनी पुढचं कार्ड घेतलं.

स्पर्धेच्या दिवशी विद्यापीठाच्या सभागृहात पहिल्या फेरीला समोर दुसरी शाळा बसली. त्यांचे कोट एकसारखे, केसांचे भांगही एकसारखे. प्रश्न विचारणाऱ्या प्राध्यापिका बाईंच्याच वयाच्या होत्या. त्यांनी चष्मा लावला, कागद उचलला, आणि त्या काही बोलायच्या आतच घंटा वाजायला लागली. वाजतच राहिली.

"अहो, प्रश्न तरी विचारू द्या मला," प्राध्यापिका म्हणाल्या.

उतावळा सवयीनं बटण दाबून बसला होता. "बोट उचल, गाढवा!" काका मागच्या रांगेतून ओरडले. सगळं सभागृह हसलं. कोटवालेही हसले आणि त्या हसण्यात त्यांचा पहिला प्रश्न हुकला.

नंतर मात्र मुलं सावरली. प्लवक आलं, ते जमलं. भरती-ओहोटी आली, तीही जमली. शेवटच्या प्रश्नाला दोन्ही शाळांचे गुण सारखे होते. काकांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"समुद्राचं पाणी किती तापमानाला सर्वांत जड होतं?"

काका जागेवर उडालेच. कप्तानची घंटा आधी वाजली. तिनं मागे वळून काकांकडे पाहिलं. काका बोटं दाखवायचेच बाकी होते.

"चार अंश," ती हळूच म्हणाली.

"चूक."

कोटवाल्यांनी उत्तर दिलं, "गोठायच्या तापमानाला, साधारण उणे दोन," आणि जिंकले.

मार्गदर्शकाला एक आक्षेप घेता येत असे. काका सोबत आणलेल्या खोक्यातून कार्ड शोधून तरातरा मंचावर गेले. "मॅडम, हे बघा. बायकोच्या हातचं आहे. ती चुकत नाही."

प्राध्यापिकांनी कार्ड नीट वाचलं. "अक्षर सुरेख आहे हो. पण चार अंश हे गोड्या पाण्याचं. खारं पाणी गोठेपर्यंत जड होतच जातं. तुम्ही काय करता?"

"फ्रिज दुरुस्त करतो. आधी बर्फाच्या कारखान्यात होतो."

"मग तिथे हौदात मिठाचं पाणी असायचं ना?"

बारा वर्षं काकांनी तो हौद सांभाळला होता. उणे दहाला बर्फाचे डबे गोठायचे आणि भोवतीचं मिठाचं पाणी आपलं खुशाल वाहत असायचं. त्याचा कायदा निराळा, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? कार्ड त्यांच्या हाताखालून गेलं होतं.

"आक्षेप मागे घेतो," ते म्हणाले.

परतीच्या बसमध्ये कप्तान शेजारी येऊन बसली. "काका, मला ठाऊक होतं. पुस्तकात वाचलं होतं मी."

"मग म्हणाली का नाहीस?"

"बाईंचं कार्ड होतं. आणि तुम्ही इतके खूश झाला होतात."

काकांना राग यायला हवा होता. पण ते हसायला लागले, इतकं की पुढच्या बाकावरच्या प्रवाशानं वळून पाहिलं. "बत्तीस वर्षं!" ते म्हणाले. "बत्तीस वर्षं शोधत होतो गं मी. सापडली! मिठाच्या पाण्यात सापडली! आता घरी जाऊन तिला अशी..."

उतरायच्या आधी कप्तान म्हणाली, "पुढच्या वर्षी आम्ही नसू. नवी मुलं येतील. कार्ड तेवढं दुरुस्त करून ठेवा, नाहीतर तीही चारच म्हणतील."

"ठेवतो," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काका पेन घेऊन बसले. एक रेघ मारायची आणि खाली दोन शब्द लिहायचे, एवढंच काम. त्यांनी रेघ हवेत दोनदा मारून पाहिली. मग उठून एका गिऱ्हाइकाकडे गेले. त्याची तक्रार तशी घाईची नव्हती.

आता वर्ष उलटलं; नवी मुलं भेटून गेली. सराव सोमवारपासून आहे. त्या कार्डावर अजून चार अंशच आहे. दुरुस्ती करायची राहिली आहे.