पाठमोरा निवारा

"ज्या गावात माणसाला मोकळेपणानं बोलता येत नाही, ते गाव नव्हे, कोंडवाडा," एवढं वाक्य विष्णुपंतांनी एका बोटानं टंकलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि 'आपलं जळकोट' या ग्रुपवर सोडून दिलं. निवृत्त मुख्याध्यापक आणि ग्रुपचे ॲडमिन, या दोन्ही नात्यांनी त्यांना ते शोभत होतं. दुसरा चहा यायच्या आत त्यांनी ग्रुपला कुलूप लावलं. आता तिथं फक्त ॲडमिनलाच लिहिता येणार होतं.

मधल्या वेळात त्यांच्या नातीनं, जाईनं, आजोबांचा शब्द खरा मानला होता.

जाई रोज बसनं तुळजापूरच्या कॉलेजला जायची. तिनं लिहिलं होतं, 'माजी सरपंच गौरीशंकरआप्पांनी हायवेला प्रवासी निवारा बांधला. रस्त्याच्या बाजूला भिंत, भिंतीवर आप्पांचं नाव. बाकडी मागं, बालाजीच्या शेतातल्या तुरीकडं तोंड करून. बस आलेली दिसत नाही, तूर फुललेली मात्र लगेच कळते. बाया उन्हात उभ्या असतात आणि निवारा रुसलेल्या जावयासारखा पाठ करून बसलेला असतो.'

खताच्या दुकानातून महारुद्रनं लिहिलं, पोरींनी वडीलधाऱ्यांवर लिहू नये. पुण्याहून उत्कर्षनं घटनेचं एकोणिसावं कलम टाकलं. महारुद्रनं त्याच कलमातल्या मर्यादा टाकल्या. दोघांनीही ते कलम पहिल्यांदाच वाचलं असावं. मग कुणीतरी उत्कर्षला विचारलं, की गावात राहायचं नाही तर गावात बोलतोस कशाला. तिथून भांडण घटना सोडून बापजाद्यांवर आलं. शेवटी एक बारीक ओळ उमटली. गौरीशंकर यांनी ग्रुप सोडला.

विष्णुपंतांना ती ओळ लागली. गौरीशंकर आणि ते एका बाकावर शिकलेले. संध्याकाळी पारावर दोघांची जागाही शेजारीशेजारी.

तेवढ्यात महारुद्रचा फोन आला.

"मास्तर, पोरीचं लिखाण पुसा. आन् तिला काढा ग्रुपातनं. उद्या कुणीबी उठंल आन् कायबी लिहील."

"बघतो," विष्णुपंत म्हणाले. फोन ठेवून त्यांनी जाईच्या मजकुरावर बोट दाबून धरलं. 'पुसायचं का' असं यंत्रानं विचारलं. यंत्राला घाई नव्हती.

जाई दारात उभी होती.

"पुसा आबा. पण मग सकाळचं तुमचं वाक्यबी पुसा. दोन्ही एका गावात राहायची न्हाईत."

विष्णुपंतांनी बोट उचललं. चाळीस वर्षं मुलांना प्रश्न विचारत आलेला हा माणूस खिशात सुपारी शोधू लागला. मग त्यांना युक्ती सुचली. पोरगी आपणच माघार घेईल, अशी.

"बोलायला कुणाची ना न्हाई," ते म्हणाले. "पण आपल्याकडं शिमग्याची रीत काय? ज्याच्या नावानं बोंब मारायची, त्याच्या दारात जाऊन मारायची. मागं बोंबलतो तो चोर. आणि ज्याच्या नावानं बोंब, त्यानं उंबऱ्यात उभं राहून ऐकायचं. आत पळाला तो भित्रा. मोबाईलवर कसलं दार आणि कसला उंबरा."

जाईनं थोडा विचार केला. मग खाली वाकून चपला घातल्या.

"अगं, म्हणजे आत्ताच असं नाही," विष्णुपंत म्हणाले, पण ती अंगणापार गेली होती. स्वयंपाकघरातून जाईची आई, चारुशीला, बाहेर आली, सासऱ्यांकडं पाहून म्हणाली, "तुम्हीच शिकवलंय. आता जा मागं." विष्णुपंत टोपी न घालताच निघाले.

गौरीशंकरआप्पा बनियनवर बसून शेंगा फोडत होते. जाईला पाहून त्यांनी मान वळवली.

"आप्पा, म्या लिहिलेलं तुमच्यासमोर म्हणायला आलेय," जाई म्हणाली. "शिमग्यावानी."

आप्पांच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी विष्णुपंतांकडं पाहिलं. विष्णुपंतांनी छपराकडं पाहिलं. मग आप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले, खुंटीवरचा सदरा अंगात घातला, गुंड्या लावल्या आणि उंबऱ्यात येऊन उभे राहिले.

जाई मोबाईल न काढता बोलू लागली. भिंत, नाव, बाकडी, तूर, उन्हातल्या बाया. एकही शब्द तिनं मऊ केला नाही. समोरच्या घरातली माणसं ओट्यावर आली. जाई थांबली, तेव्हा आप्पांचा चेहरा लाल झाला होता.

"जावयाचं राहिलं," ते म्हणाले.

"आँ?"

"रुसलेल्या जावयाचं. ते गाळलंस. लिहिताना लिहिलंस, आता तोंडावर म्हण की."

जाईनं तेही म्हटलं. आतून आप्पांच्या बायकोच्या, जगदेवीकाकूंच्या, हसण्याचा आवाज आला आणि पदराखाली दाबला गेला. आप्पांनी तो ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"बाकडी शिमिटाची हायत, फिरायची न्हाईत," ते म्हणाले. "भिंतीला खिडकी पाडता येती. मोठी. नावाच्या खाली."

"चालंल आप्पा."

"आन् बाई, लिवायचं तर अशीच लिवत जा. पण आधी हितं येऊन बोल."

जाईनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि परत फिरली. विष्णुपंत तिच्यामागून चालले. आयुष्यभर वर्गात ते पुढं आणि मुलं मागं, हीच चाल. आज मागं चालताना त्यांची मान जरा जास्तच ताठ होती. ओट्यावरच्या माणसांकडं ते एकेक करून पाहत होते, ही कुणाची नात हे कुणी विचारावं म्हणून. कुणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

"मास्तर," मागून हाक आली.

विष्णुपंत वळले. आप्पा उंबरा ओलांडून, जवळ येऊन उभे होते. ओट्याकडं एक नजर टाकून त्यांनी आवाज बारीक केला.

"तेवढं मला ग्रुपात परत घ्या की. सकाळपासनं करमंना."