शाळेच्या वेळेत बंद

“पोरी, एकदा उतरलेला भाव परत चढत न्हाई. गिऱ्हाईकाच्या बरं ध्यानात ऱ्हातं,” दारासमोर भाजीची पाटी मांडून बसणाऱ्या बनुबाईनं मे महिन्यातच बजावलं होतं. मायानं ते हसण्यावारी नेलं. “आवं मावशी, तुमची मेथी सांजंला सुकती. माझी गेम सुकती व्हय?”

माया बी.कॉम. झालेली. इस्लामपुरात घराच्या पुढच्या खोलीत दोन टीव्ही मांडून तिनं व्हिडिओ गेम सुरू केले होते, तासाला पाच रुपये. दिवाळीपर्यंत चाललं नाही तर टीव्ही विकून गप घरात बसायचं, असं नवऱ्यानं आधीच ठरवून टाकलं होतं. तिचा हिशेब सरळ होता. गेमची कॅसेट एकदा घेतली की कितीही खेळा, झिजत नाही. सुकतो तो तास. दुपारचा रिकामा गेलेला तास उद्या विकता येत नाही. म्हणून सुट्टीत तिनं दुपारचा दर दोन रुपयांवर आणला आणि खोलीत मुंगी शिरायला जागा उरली नाही.

जूनमध्ये शाळा भरल्या. संध्याकाळी पाच रुपये काढायला कुणी तयार होईना. “काकी, दुपारचंच येतो की!” म्हणत पोरं पसार. आणि खरंच यायची. एका दुपारी दोन वर्षांच्या लेकीला, स्वप्नाला, भरवता भरवता मायाची नजर खोलीभर फिरली. सगळ्या चड्ड्या खाकी, बाकाखाली दप्तरांचा ढीग. घास तसाच हातात राहिला. उद्या आपली स्वप्नाही अशीच कुणाच्या तरी खोलीत बसली तर?

तिनं त्याच घडीला सगळ्यांना बाहेर काढलं. दुपारचा धंदा बंद.

स्टँडजवळच्या दुसऱ्या गेमवाल्याला, मानसिंगला, आयतंच फावलं. त्यानं दुपारचा तास रुपयाला लावला. दुपारी स्वस्तात पोट भरलेली पोरं संध्याकाळी कशाला फिरकतील? मायाची खोली ओस पडली. “लय शहाणपण नडलं,” नवरा म्हणाला. तशात बनुबाई कौतुकानं सांगू लागली, “आमचा नातू धुळा एक दिस शाळा चुकवत न्हाई बघ.”

कालच दुपारी मायाला धुळा मानसिंगकडं शिरताना दिसला होता. तिला राहवेना. “मावशी, पाटी राहू द्या. चला माझ्यासंगं.”

लेकीला कडेवर घेऊन ती थेट मानसिंगच्या दारात.

“या वैनी! खेळायला आला की धंदा शिकायला?” आतली पोरं फिदीफिदी हसली.

“रिकामा तास फुकट जातो हे मला कळतं, मानसिंगभाऊ. पण तुमचा हा तास रिकामा न्हवता. शाळेतनं उचलून आणलाय तुमी.”

“मी कुणाला बोलवायला जात न्हाई. आपल्या पायानं येत्यात.”

“गुळाला मुंगळे बी आपल्याच पायानं येत्यात!”

बनुबाई पुढं झाली. आत शिरली, धुळाच्या हातातला रिमोट खाली ठेवला आणि बखोटीला धरून त्याला उन्हात आणलं.

“त्याच्या जागी उद्या दुसरा बसंल!” मानसिंग मागनं ओरडला. “दिवाळीला तुमचे टीव्ही मीच घेतो, वैनी!”

“या की दिवाळीला. टीव्ही चालूच असतील. येताना पाच रुपये आणा!”

घरी येऊन तिनं खडूनं फळा लिहिला आणि रस्त्यानं जाणाऱ्या आयाबापांना दिसेल असा दाराबाहेर टांगला:

“तासाला पाच रुपये. सूट नाही. शाळेच्या वेळेत बंद. वाचत उभं राहू नका. तुमचं पोर आत्ता वर्गात आहे का, तेवढं आधी जाऊन बघा.”